हाताळणी-समतोल, मोटार शर्यतींच्या खेळांतील

मोटारगाडी वळण घेत असताना तिच्या पुढच्या व मागच्या चाकांची रस्त्यावरील पकड परस्परांच्या तुलनेने किती आहे, यावरून गाडीची जी वृत्ती ठरते तिला हाताळणी-समतोल म्हणतात. पकडीच्या मर्यादेवर पुढची चाके प्रथम घसरू लागली, तर चालकाने सुकाणू चक्र फिरवून मागितले असेल त्यापेक्षा गाडी कमी वळते व रस्त्याच्या बाहेरच्या कडेकडे जाऊ पाहते. या वृत्तीला न्यूनवलन म्हणतात. चालकांच्या बोलण्यात मात्र अंडरस्टिअर हा इंग्रजी शब्दच रूढ आहे. याउलट मागची चाके प्रथम घसरली, तर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो, गाडी मागितल्यापेक्षा अधिक वळते आणि वेळीच सावरली गेली नाही, तर स्वतःभोवती गरकन फिरते. ही वृत्ती म्हणजे अतिवलन वा ओव्हरस्टिअर होय. चाकांच्या दोन्ही जोड्या एकाच वेळी मर्यादेला पोहोचत असतील, तर गाडी तटस्थ मानली जाते. संगणकावरील मोटार शर्यतींच्या खेळांत या दोन टोकांच्या दरम्यान आपली गाडी कोठे ठेवावी, हे खेळाडू स्वतः ठरवू शकतो. त्याची पसंती त्याच्या कौशल्यावर, हाती असलेल्या साधनावर व शर्यतीच्या स्वरूपावर अवलंबून असते. या पसंतीमागे खऱ्या गाड्यांचा सु. नऊ दशकांचा इतिहास असून त्यात हा प्रश्न कित्येकदा जीवनमरणाचा ठरला आहे.

तत्त्व : वळण घेणाऱ्या गाडीचा रबरी टायर ज्या दिशेने रोखलेला असतो, नेमका त्याच दिशेने जात नाही. रस्त्याला टेकलेला त्याचा भाग बाजूला ताणला जातो आणि त्यामुळे चाकाचा रोख व त्याच्या प्रत्यक्ष गतीची दिशा यांत एक लहान कोन निर्माण होतो. त्याला घसर-कोन म्हणतात. हा कोन वाढत जातो तशी टायरने दिलेली बाजूची प्रेरणा प्रथम जवळजवळ समप्रमाणात वाढते. पुढे तिची वाढ मंदावते आणि कमाल मूल्यानंतर ती घटू लागते. रस्त्यावरील सामान्य टायरच्या बाबतीत हे कमाल मूल्य बहुधा ६° ते १०° या कोनांच्या दरम्यान येते. पुढच्या टायरांचा घसर-कोन मागच्या टायरांपेक्षा अधिक असेल, तर गाडी न्यूनवलनी व कमी असेल, तर अतिवलनी ठरते.

न्यूनवलनी गाडी कोणत्याही वेगाला स्थिर राहते. अतिवलनी गाडीला मात्र एक क्रांतिक वेग असतो आणि तो ओलांडल्यावर सुकाणू चक्र स्थिर धरले, तरी लहानशा विक्षोभाने गाडीचा तोल ढळत जातो. सामान्य वाहनांची रचना न्यूनवलनाकडे झुकलेली ठेवण्याचे हेच कारण आहे. घाबरलेला चालक सहसा प्रवेगकावरून पाय काढतो व सुकाणू चक्र आणखी वळवतो. न्यूनवलनी गाडीत या स्वाभाविक हालचालींनी पुष्कळदा संकट टळते, अतिवलनी गाडीत त्यांनीच ते ओढवते.

समतोल बदलण्याचे उपाय मुख्यतः टायरच्या एका गुणधर्मावर आधारलेले आहेत. टायरवरील भार दुप्पट केला, तरी त्याची पकड दुप्पट होत नाही. म्हणून वळताना ज्या आसावर आतल्या चाकाकडून बाहेरच्या चाकाकडे अधिक भार सरकतो, त्या आसाची एकूण पकड कमी होते. पुढच्या आसावरील स्प्रिंगा किंवा गाडीचे कलणे रोखणारा दांडा अधिक ताठ केल्यास न्यूनवलन वाढते, मागचा दांडा ताठ केल्यास अतिवलन वाढते. टायरमधील हवेचा दाब, चाकांचा कल, ब्रेकच्या जोराची पुढे-मागे वाटणी, दोन चाकांना शक्ती विभागून देणारे गिअर आणि शर्यतीच्या गाडीवरील पंख ही समतोल बदलण्याची इतर साधने होत. शिवाय समतोल एकाच वळणात तीनदा बदलू शकतो. ब्रेक लावताना भार पुढे सरकून मागची चाके हलकी होतात, वळणाच्या मध्यावर गाडी स्थिरावते आणि बाहेर पडताना इंजिनाची शक्ती चालक चाकांच्या पकडीतला वाटा घेते. त्यामुळे एकच गाडी वळणात शिरताना अतिवलनी व मध्यावर न्यूनवलनी असू शकते.

रस्त्यावरील इतिहास : टायरच्या घसर-कोनाची कल्पना फ्रेंच अभियंता ब्रूलिए याने १९२५ मध्ये मांडली. रोल्स-रॉइस कंपनीतून १९३० मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक कंपनीत आलेल्या मॉरिस ओली या इंग्रज अभियंत्याने पुढची दोन चाके स्वतंत्रपणे वरखाली होऊ देणारी रचना सिद्ध करताना गाडीच्या वळण्याचा पद्धतशीर अभ्यास केला. ही रचना १९३४ च्या गाड्यांत आली. न्यूनवलन व अतिवलन यांसाठी इंग्रजीत रूढ झालेले शब्द त्याच्याच कार्यातून प्रचारात आले असे मानले जाते.

त्याच सुमारास यूरोपातील शर्यतींत या प्रश्नाचे दुसरे रूप दिसत होते. फर्डिनांड पोर्श याने आखलेल्या १९३४ च्या आउटो उनिओन गाडीत सोळा सिलिंडरांचे इंजिन चालकाच्या पाठीमागे होते. जड मागचा भाग, अरुंद टायर आणि हेलकावणारे मागचे आस यांमुळे ती एकाएकी फिरे व तिच्यावर हुकमत मिळविणे फार थोड्यांना जमले. मोटारसायकलींच्या शर्यतींतून आलेला बेर्न्ट रोझेमायर हा त्यांपैकी एक असून तो १९३६ मध्ये यूरोपीय विजेता ठरला. वेगाचा विक्रम करण्याच्या प्रयत्नात जानेवारी १९३८ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी इटालियन चालक तात्स्यो नुव्होलारी याने हीच परंपरा चालवून डॉनिंग्टन येथील शर्यत जिंकली. चारही चाके एकाच वेळी थोडी घसरत ठेवून वळण पार करण्याची रीत नुव्होलारीच्या नावाशी निगडित आहे. तत्कालीन टायरांची पकड कमाल मूल्यानंतर हळूहळू उतरत असल्यामुळे असे घसरणे शक्य व फायद्याचे होते.

इंजिन मागे घेण्याचा लाभ इंग्लंडमधील कूपर कंपनीने निर्विवादपणे सिद्ध केला. स्टर्लिंग मॉस याने जानेवारी १९५८ मध्ये अर्जेंटिनाची शर्यत कूपर गाडीतून जिंकली आणि १९५९ व १९६० ची जागतिक विजेतेपदे जॅक ब्रॅबम याने मिळविली. गाडीचे वजन मध्याजवळ एकवटल्याने ती चटकन वळे. अर्थात ती तितक्याच चटकन फिरूही शके. पुढे १९६८ मध्ये गाड्यांवर पंख आले व १९७७ पासून गाडीच्या तळाखालील हवेचा उपयोग होऊ लागला. त्यामुळे मंद वळणावरील समतोल टायर व स्प्रिंगा यांवर, तर वेगवान वळणावरील समतोल हवेच्या दाबावर अवलंबून राहू लागला. त्याच वर्षी मिशलँ कंपनीने फॉर्म्युला वन शर्यतींत अरीय धाग्यांचे टायर आणले. त्यांची पकड अधिक, परंतु घसर-कोन लहान असल्याने घसरत चालविण्याची जुनी शैली मागे पडली.

शास्त्रीय बाजूने विल्यम मिलिकेन (१९११–२०१२), लिओनार्ड सेगेल इत्यादींनी अमेरिकेतील कॉर्नेल वैमानिकीय प्रयोगशाळेत केलेले संशोधन मूलभूत ठरले. विमानाच्या स्थैर्याच्या अभ्यासासाठी वापरली जाणारी समीकरणे त्यांनी मोटारगाडीला लावली व १९५६ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुकाणू चक्राच्या हालचालीला गाडी कसा प्रतिसाद देईल, हे तेव्हापासून गणिताने आधीच सांगता येऊ लागले.

समतोलाचा प्रश्न सार्वजनिक वादाचा विषय बनला तो शेव्हरोले कंपनीच्या कॉर्व्हेअर या गाडीमुळे. ही गाडी १९५९ मध्ये बाजारात आली. तिचे इंजिन मागच्या टोकाला असून मागच्या चाकांचे आस हेलकावणारे होते. अतिवलन काबूत ठेवण्यासाठी पुढच्या टायरांत १५ पौंड व मागच्या टायरांत २६ पौंड प्रतिचौरस इंच दाब ठेवण्याची शिफारस होती. परंतु हा फरक पाळला जाणे सर्वस्वी मालकावर व पेट्रोल पंपावरील नोकरावर अवलंबून होते. १९६४ मध्ये पुढे कलरोधक दांडा बसविण्यात आला व १९६५ मध्ये मागची रचना पूर्णपणे बदलण्यात आली. त्याच वर्षी रॅल्फ नेडर यांचे अन्‌सेफ ॲट एनी स्पीड हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे पहिले प्रकरण याच गाडीवर होते. पुस्तकाने उठलेल्या चर्चेचा १९६६ च्या अमेरिकन वाहन सुरक्षा कायद्याला हातभार लागला. शासकीय चाचण्यांच्या १९७२ मधील अहवालात जुन्या कॉर्व्हेअरची हाताळणी समकालीन गाड्यांच्या तुलनेने विशेष धोकादायक नसल्याचे म्हटले होते. तथापि गाडीचे उत्पादन १९६९ मध्येच थांबले होते. वाहनाची वृत्ती चालकाच्या कौशल्यावर सोपवून चालणार नाही, हा विचार मात्र या वादातून टिकला. १९९५ पासून गाड्यांत येऊ लागलेली आणि एकेका चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावून गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनीय स्थैर्य-नियंत्रण व्यवस्था हे त्याचेच पुढचे पाऊल होय.

खेळांतील इतिहास : प्रारंभीच्या खेळांत समतोल अशी काही गोष्टच नव्हती. अटारी कंपनीच्या १९७६ मधील नाइट ड्रायव्हर या खेळात काळ्या पडद्यावर सरकणारे पांढरे खुंट हाच रस्ता होता. नामको कंपनीच्या पोल पोझिशन (१९८२) या खेळात जपानमधील फूजी येथील शर्यतमार्ग दाखविला होता. परंतु वळणावर गाडी वेगाच्या प्रमाणात बाहेर ढकलली जाई एवढेच. पुढची व मागची चाके वेगळी मोजली जात नसल्याने खेळाडूला पसंती दाखविण्यास वाव नव्हता.

हा वाव प्रथम इंग्लंडमधील जेफ क्रॅमंड याच्या रेव्हज (१९८४) या खेळाने दिला. घरगुती बीबीसी संगणकासाठी लिहिलेल्या या खेळात सिल्व्हरस्टोन येथील मार्ग व फॉर्म्युला थ्री प्रकारची गाडी होती आणि पुढचा व मागचा पंख किती तिरपा ठेवावा, हे खेळाडू आकड्यांनी ठरवी. मागचा पंख अधिक तिरपा केल्यास गाडी स्थिर होई पण सरळ रस्त्यावर मंदावे, कमी केल्यास उलट घडे. समतोल आणि वेग यांतील देवघेव खेळाडूच्या हाती अशा रीतीने आली.

१९८९ मध्ये दोन महत्त्वाचे खेळ प्रसिद्ध झाले. पॅपिरस या अमेरिकन संस्थेच्या इंडियानापोलिस ५०० मध्ये टायरांचा दाब, चाकांचा कल, धक्काशोषक व पंख बदलण्याची सोय होती. केवळ डावीकडे वळणाऱ्या अंडाकृती मार्गावर ताशी ३०० किमी. हून अधिक वेगाने जाताना किंचित अतिवलनही भिंतीवर नेते, हे त्यातून हजारो खेळाडूंना कळले. दुसरा हार्ड ड्रायव्हिन हा अटारी गेम्स कंपनीचा, सार्वजनिक खेळघरांत बसविला जाणारा खेळ होता. त्याचे सुकाणू चक्र विद्युत् चलित्राच्या साहाय्याने खेळाडूच्या हातावर उलट जोर देई. त्यातील गाडीच्या गणितासाठी डग मिलिकेन याचे साहाय्य घेण्यात आले होते. १९५६ च्या संशोधनातील विल्यम मिलिकेनचा हा मुलगा असल्याने प्रयोगशाळेतील विद्या एका पिढीत खेळघरात पोहोचली असे म्हणता येते.

क्रॅमंडच्या फॉर्म्युला वन ग्रां प्री (१९९१–९२) या खेळात आपोआप ब्रेक लावणे, गिअर बदलणे, फिरलेली गाडी सरळ करणे यांसारखी साहाय्ये एकेक करून बंद करता येत. नवशिका व निष्णात यांना एकाच खेळात आपापली पातळी निवडता येण्याची ही पद्धत पुढे सर्वमान्य झाली. याच दशकात दुसरा प्रवाहही बळावला. नामकोच्या रिज रेसर (१९९३) यासारख्या खेळांत लांबलचक घसरत जाणे हाच आनंद मानला गेला आणि त्यासाठी वास्तवातील नियम सैल करण्यात आले. काझुनोरी यामाउची याच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या ग्रान तुरिस्मो (१९९७) या जपानी खेळाने दोहोंच्या मधला मार्ग काढला. पुढची, मागची वा चारही चाके चालविणाऱ्या सामान्य गाड्यांचे निरनिराळे स्वभाव आणि स्प्रिंगा व कलरोधक दांडे बदलून ते कसे पालटतात, हे त्याने घरोघरी पोहोचविले.

अतिवास्तवाच्या दिशेने पॅपिरसचा ग्रां प्री लेजंड्स (१९९८) हा खेळ मैलाचा दगड मानला जातो. त्यात १९६७ च्या हंगामातील, पंख नसलेल्या गाड्या होत्या. त्या जवळजवळ प्रत्येक वळणात घसरत न्याव्या लागत आणि खेळाडूंचे कित्येक दिवस केवळ गाडी रस्त्यावर ठेवण्यात जात. व्यापारी दृष्ट्या तो फारसा यशस्वी झाला नाही. पण न्यूनवलनी गाडीत समाधान मानणारे आणि मागचे टोक घसरते ठेवू इच्छिणारे हे खेळाडूंमधील दोन पक्ष त्याने स्पष्ट केले. त्याचा एक कर्ता डेव्हिड केमर याने स्थापन केलेली आयरेसिंग ही दूरस्थ स्पर्धांची सेवा २००८ मध्ये सुरू झाली. मातीच्या रस्त्यांवरील रिचर्ड बर्न्स रॅली (२००४), तसेच आरफॅक्टर (२००५) व इटलीतील आसेत्तो कोर्सा (२०१४) हे या परंपरेतील इतर उल्लेखनीय खेळ होत.

या प्रगतीमागे टायरच्या गणिताचा मोठा वाटा आहे. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील हान्स पासेयका व त्यांचे सहकारी यांनी व्होल्व्हो कंपनीच्या सहकार्याने १९८७ मध्ये मांडलेले सूत्र काही मोजक्या स्थिरांकांच्या साहाय्याने टायरच्या प्रेरणेचा वक्र काढून देते. ते संगणकाला झटपट सोडविता येत असल्याने अनेक खेळांत वापरले गेले. मात्र ते कमाल मूल्यापर्यंत जितके विश्वसनीय असते, तितके पूर्ण घसरलेल्या टायरच्या बाबतीत नसते, कारण त्या भागातील मोजमापे विरळ असतात. घसरलेली गाडी सावरण्याची कला नेमकी याच भागात लागते. खेळाखेळांत अतिवलनाचा अनुभव इतका भिन्न असण्याचे हे एक कारण आहे.

पसंतीची कारणे : खऱ्या गाडीत मागचे टोक सुटू लागल्याची सूचना चालकाला आसनामार्फत पाठीला व अंतर्कर्णातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला मिळते, दृष्टीला ती नंतर कळते. घरी बसलेल्या खेळाडूला पहिल्या दोन्ही सूचना मिळत नाहीत. याउलट पुढच्या चाकांची पकड संपत आल्याचे त्याला हातातून कळू शकते; कारण चाके सरळ करू पाहणारी परिबल प्रेरणा बाजूच्या प्रेरणेच्या आधीच कमाल मूल्य गाठून उतरू लागते व उलट जोर देणारे सुकाणू चक्र हलके लागते. म्हणजे खेळात न्यूनवलनाची पूर्वसूचना मिळते, अतिवलनाची उशिरा मिळते. म्हणून खऱ्या गाडीत तटस्थ वृत्ती पसंत करणारा चालकही खेळात थोडे न्यूनवलन पत्करताना आढळतो.

साधनाचाही परिणाम होतो. अंगठ्याने हलवायच्या लहान दांडीवर उलट दिशेने अचूक सुकाणू देणे अवघड असल्याने असे खेळाडू स्थिर मागचे टोक निवडतात आणि खेळही त्यांच्या हालचाली आपल्या बाजूने सौम्य करून घेतो. शर्यतीचे स्वरूप हे तिसरे कारण. एकाच फेरीत कमीत कमी वेळ नोंदवायची असेल, तर वळणात चटकन शिरणारी, अतिवलनाकडे झुकलेली मांडणी लाभदायक ठरते. दीर्घ शर्यतीत तीच मांडणी मागचे टायर लवकर झिजविते व थकलेल्या खेळाडूला दगा देते. शर्यतीत इंधन घटून गाडी हलकी होते आणि इंधनाच्या टाकीच्या जागेनुसार समतोलही सरकतो. म्हणून अनुभवी खेळाडू प्रारंभीचा समतोल शेवटच्या फेऱ्या डोळ्यांपुढे ठेवून ठरवितो.

व्यावसायिक चालकांतही अशीच भिन्नता आढळते. मिखाएल शूमाखर व माक्स व्हर्स्टापेन हे पुढच्या टोकाची तीव्र पकड आणि चपळ मागचा भाग पसंत करणारे, तर जेन्सन बटन हा स्थिर मागचा भाग हवा असलेला चालक म्हणून प्रसिद्ध आहेत. तिघेही जागतिक विजेते असल्यामुळे एकच समतोल सर्वश्रेष्ठ आहे असे म्हणता येत नाही. अतिवलनी गाडी वेगवान असते, हा खेळाडूंमधील रूढ समज अर्धाच खरा आहे. मागचे टोक बाजूला घसरणे म्हणजे वेग घर्षणात दवडणे होय. उपयोगी पडते ती गाडी वळविण्याची तिची तत्परता.

महत्त्व : ग्रान तुरिस्मोच्या खेळाडूंतून खरे चालक निवडण्याचा उपक्रम २००८ मध्ये सुरू झाला. त्याचा पहिला विजेता स्पेनचा लुकास ऑर्दोनिएस हा २०११ च्या ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या गाडीच्या चालकांपैकी एक होता. जागतिक साथीमुळे २०२० मध्ये शर्यती बंद पडल्या तेव्हा अनेक व्यावसायिक चालक खेळांतील स्पर्धांत उतरले. खेळात शिकलेले भारांतराचे भान व ब्रेक सोडण्याची नेमकी वेळ खऱ्या गाडीत उपयोगी पडते, हे यावरून दिसून आले. शरीराला जाणवणारी भीती मात्र खेळात शिकता येत नाही. खेळात गाडी फिरली, तर एक कळ दाबून शर्यत पुन्हा सुरू करता येते. त्यामुळे खेळाडू अतिवलनाच्या कडेवर वावरण्यास सहज धजावतो. सार्वजनिक रस्त्यांवरील गाड्या मात्र आजही न्यूनवलनीच बनविल्या जातात, कारण तेथील चालकाला दुसरी संधी मिळेलच असे नाही.